एका ताटातले जंतू

त्या दिवशी दुपारचं जेवण झालं आणि ह्यांनी स्वतःचं ताट स्वतः उचललं.

मी शेवटची भाकरी तव्यावर टाकत होते. लग्न झाल्यापासून ह्या माणसाला ताट उचलताना मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी वाटलं, ह्यांना काहीतरी होतंय. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात ताट, ताटात वाटी नाचतेय, आणि हे मोरीकडे निघालेले.

"अहो, ठेवा ते खाली. मला जेवायचंय त्यात."

"तू दुसरं घे."

"का? ह्याला काय झालं?"

"दुसरं घे म्हटलं ना."

ताट मोरीत ठेवलं, म्हणजे हातातून सुटलं. त्यात अर्धी भाकरी आणि शेंगाची चटणी शिल्लक होती. ती ह्यांनी वाकून, धडपडत गोळा केली आणि मागच्या दारी कुत्र्याला घातली. कुत्र्यानं भाकरी खाल्ली, चटणी ठेवली. मी बघतच राहिले आणि तव्यावरची भाकरी करपली.

तर मी ह्यांच्या उष्ट्या ताटात जेवत होते, रोज. लग्न होऊन आले त्या पहिल्या दिवशी सासूबाईंनी ह्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "बस ह्यातच." मला किळस आली होती, खोटं कशाला सांगू. माझे वडील माढ्याला शाळेत मास्तर, आमच्याकडे असलं काही नव्हतं. पण नवी नवरी काय बोलणार? जेवले गुमान. पुढे सासूबाई गेल्या, विचारणारं कोणी उरलं नाही, तरी मी सोडलं नाही. एक ताट कमी घासावं लागतं, असं मी सगळ्यांना सांगायची. माझी लेक नंदिनी चिडायची. "आई, ही गुलामगिरी आहे." मी म्हणायची, "तू तुझ्या नवऱ्याच्या ताटात जेवू नकोस, झालं."

खरं कारण वेगळं होतं. हे ताटात माझ्यासाठी ठेवायचे. ह्या माणसानं तोंडानं कधी 'छान झालंय' म्हटलं नाही की 'दमलीस का' विचारलं नाही. पण भरल्या वांग्यांतलं सगळ्यात कोवळं वांगं ताटाच्या कडेला असायचं. पुरणपोळीचा मधला, पुरणानं फुगलेला भाग असायचा. ते चुकून उरलेलं नसतं, एवढं बाईला कळतं. मला ते आवडायचं आणि त्याची मला सवय लागली होती.

आमचे हे, दिगंबर वायकुळे, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. सोलापूरपासून बसनं दीड-दोन तासांवर आमचं गाव, गावाबाहेर फिल्टर हाऊस, तिथं ह्यांची नोकरी. पाण्यात तुरटी घालायची, क्लोरीन सोडायचा, नमुने तपासायचे, मग गावाला पाणी सोडायचं. निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत उजवा हात थरथरायला लागला. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. चालणं आखूड झालं, आवाज बारीक झाला, आणि चेहरा हलायचा थांबला. ह्या आजारात तसं होतं. राग, लाज, माया, सगळं एकाच चेहऱ्यानं. आमच्या घरात त्यानं फारसा फरक पडला नाही.

दवाखान्यात निलोफर म्हणून एक मुलगी होती. डॉक्टर नव्हे, संशोधन करणारी. पेशंटच्या आतड्यातल्या जंतूंचा तिचा अभ्यास चालला होता. तिनं आम्हाला दोन डबे दिले, एक ह्यांना, एक मला. एकाच घरात राहणारं, तेच अन्न खाणारं, पण आजार नसलेलं माणूस तिला तुलनेला हवं होतं. डब्यात काय भरायचं ते सांगताना पोरगी फार आढेवेढे घ्यायला लागली.

"काकू, म्हणजे सकाळचं जे..."

"अगं शी ना? सांग की सरळ."

"हो. आणि ते रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं."

फ्रीझरमध्ये मटार होते. ते मी शेजारी देऊन टाकले. शेजारणीला फार बरं वाटलं, अजून नाव काढते. माझा डबा दुसऱ्या दिवशी तयार झाला. ह्यांच्या डब्याला आठवडा लागला. ह्यांना बद्धकोष्ठाचा त्रास जुना, हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीपासूनचा. संडासात पेपर घेऊन जायचे ते जाहिरातींसकट वाचून यायचे आणि रिकामेच यायचे. हे मी निलोफरला सहज सांगितलं तर ती एवढी खूश झाली की मला चमत्कारिक वाटलं. म्हणाली, पुष्कळांचं असंच असतं काकू, पोट आधी बिघडतं.

डबे देऊन आलो त्या दिवशी मी औषधांच्या रांगेत उभी होते आणि निलोफर ह्यांच्याशी बाकावर बसून बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते मला माहीत नव्हतं. घरी आलो, रात्री झोपलो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी ताट उचललं.

ते एवढ्यावर राहिलं नाही. ह्यांनी माळ्यावरची ब्लिचिंग पावडर काढायला लावली. त्यात ताट, वाटी, तांब्या, सगळं बुडवून ठेवायला सुरुवात केली. माझ्या स्वयंपाकघराला फिल्टर हाऊसचा वास यायला लागला. ह्यांच्या भांड्यांना वेगळी फळी झाली. मी हात लावला की म्हणायचे, "ठेव ते. हात धू."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे भरवून घेईनात. ह्यांचा हात एवढा हलायचा की आमटीतला घास तोंडाशी पोचेपर्यंत निम्मा सदऱ्यावर सांडायचा. म्हणून मी भाकरी कुस्करून हातानं भरवायची. आता मी घास पुढे केला की तोंड मिटायचं.

"चमचा दे. मी खातो."

"चमच्यानं किती पोटात जातं तुमच्या? सगळं मांडीवर."

"चमचा दे."

चमचा द्यायची. चार घास जायचे, दहा सांडायचे, मग दमून बाजूला ठेवायचे. "झालं माझं." जे ताटात राहील ते कुत्र्याला. कुत्रं आमच्या दारात बाळसं धरायला लागलं आणि ह्यांच्या पायजम्याची नाडी रोज थोडी जास्त ओढावी लागायला लागली. गळ्याची हाडं दिसायला लागली. मला भीती वाटायला लागली की हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर, भरल्या घरात, उपाशी मरणार.

मी भांडले. मला भांडता येतं.

"माझा विटाळ होतो का तुम्हाला?"

हे भिंतीकडे बघत बसले.

"एवढी वर्षं तुमचं उष्टं खाल्लं. मी कधी नाक मुरडलं? आणि आता माझ्या हातचा घास चालत नाही होय?"

पापणीसुद्धा हलली नाही. मी मोरीत जाऊन बसले आणि रडले. ब्लिचिंगच्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचंच, त्यामुळे ह्यांना काही कळलं नसेल. माझं काय चुकलं तेच समजत नव्हतं. नंदिनीला फोन केला तर ती म्हणाली, "बरं झालं की. निदान आता तरी वेगळ्या ताटात जेव." मी फोन ठेवून दिला.

पुढच्या खेपेला सोलापूरला गेलो तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी ह्यांना वजनकाट्यावर उभं केलं, मग परत एकदा उभं केलं, आणि मग काट्यावरून उतरवून माझ्याकडे बघितलं.

"जेवत नाहीत का?"

"विचारा त्यांनाच."

डॉक्टर ह्यांना म्हणाले, "वायकुळे, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. मग त्यातून खाणं."

"नळी नको," हे म्हणाले. वर्षभरात इतकं स्पष्ट काही बोलले नव्हते.

"मग जेवा."

तेवढ्यात ह्यांना चालण्याच्या व्यायामाला आत नेलं आणि मी बाहेर बाकावर येऊन बसले. निलोफर समोरून आली. माझं तोंड बघून शेजारी बसली. मी तिला सगळं सांगितलं, ताटाचं, ब्लिचिंगचं, कुत्र्याचं. ऐकता ऐकता पोरीचा चेहरा उतरत गेला.

"काकू," ती म्हणाली, "तुम्ही दोघं एका ताटात जेवता?"

"एका ताटात नाही. ह्यांचं झालं की मी. त्याच ताटात."

"म्हणूनच विचारलं त्यांनी."

"काय विचारलं?"

मग तिनं सांगितलं. मागच्या वेळी बाकावर ह्यांनी तिला विचारलं होतं, माझ्या पोटात नेमकं काय शोधताय. तिनं सांगितलं की आतड्यातले काही जंतू चिकट धागे तयार करतात. एकमेकांना धरून राहायला, स्वतःला घर बांधायला. हे लगेच म्हणाले, म्हणजे जुन्या पाइपात आतून बुळबुळीत थर धरतो तसा. क्लोरीनसुद्धा आत शिरत नाही त्याच्या. ती म्हणाली, हो काका, तसाच. आणि त्या धाग्यांची घडी अशी काही वेडीवाकडी असते की आपल्या नसांमधलं एक प्रथिन त्यांच्या संगतीत आलं की तेही तसंच दुमडायला लागतं, गोळे होतात, आणि पोटापासून मेंदूपर्यंत जी नस जाते तिच्यातून ते वर सरकत असावेत, असा अंदाज आहे. उंदरांमध्ये दिसलंय. माणसांत अजून ठरलेलं नाही.

"हे सगळं ऐकून घेतलं त्यांनी," निलोफर म्हणाली. "मग एकच विचारलं. उष्टं खाल्ल्यानं हे दुसऱ्याकडे जातं का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"खरं तेच सांगितलं. घरातल्या माणसांचे जंतू एकमेकांकडे जातात, ते माहीत आहे. पण त्यानं आजार जातो असं कुठं दिसलेलं नाही. नक्की म्हणाल तर अजून माहीत नाही."

मी कपाळाला हात लावला.

"अगं बाई, 'अजून माहीत नाही' असं ह्या माणसाला सांगायचं नसतं."

तिला कसं कळणार? ह्यांचा नोकरीतला नेम एकच होता. पाण्याची शंका आली की आधी व्हॉल्व्ह बंद, तपासणी मागून. एका दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या दिवशी ह्यांना नमुन्याचा रंग बरोबर वाटला नाही. सगळ्या गावाचं पाणी बंद केलं. बाया रिकाम्या घागरी घेऊन आमच्या दारात आल्या, नगराध्यक्ष स्वतः आले, हे जागचे हलले नाहीत. दोन दिवसांनी रिपोर्ट चांगला आला. हे म्हणाले, "मग सोडतो आता." त्यात चुकलं असं ह्यांना कधी वाटलं नाही. गावात एकही माणूस आजारी पडला नाही, हे ह्यांचं म्हणणं. आणि आता माझ्याकडे येणारं पाणी ह्यांनी बंद केलं होतं. मला वाटत होतं, हा माणूस मला झिडकारतोय.

मला एकदम हसू आलं आणि रडूही आलं. निलोफरनं पाण्याची बाटली पुढे केली.

"चल," मी म्हटलं, "तू सांग त्यांना समजावून."

व्यायाम उरकून हे बाहेर आले होते. निलोफर ह्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि चांगलं सावकाश सांगितलं. "काका, काकूंना तुमच्या ताटातून आजार होईल असं मानायला काही आधार नाही. बायकोला नवऱ्याकडून असा आजार लागलेला मी तरी कुठं वाचलेला नाही. तुम्ही पोटभर जेवा. काकूंच्या हातनं जेवा."

ह्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "लिहून देता?"

"काय?"

"जात नाही म्हणून. सही करून."

पोरगी प्रामाणिक. तिनं माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यांनी खुणावलं दे म्हणून, तरी तिच्याच्यानं होईना. "तसं कुणालाच लिहून देता येणार नाही काका. अजून अभ्यास चालू आहे."

"मग बंदच बरं," हे म्हणाले, आणि बस लागायची वेळ झाली म्हणून उठले.

निघताना मी निलोफरला बाजूला घेतलं. "माझ्या डब्यात काय निघालं ते तरी सांग."

"नाही सांगत काकू. डब्यावर नाव नसतं, नुसता नंबर. कुणाचं काय निघालं हे कुणालाच सांगायचं नाही, नियम आहे तसा. आणि त्यावरून एकेकाचं काही ठरतही नाही."

"बरं," मी म्हटलं.

बसमध्ये हे खिडकीशी बसले. सदऱ्याची कॉलर मानेपासून केवढी लांब उभी राहिली होती. मी त्या मानेकडे बघत होते. वाटेत वैरागला बस थांबली, भजी घेऊन माणूस आला, मी विचारलं खाणार का, हे नाही म्हणाले. पूर्वी भज्यांसाठी हा माणूस बस सोडायचा.

संध्याकाळी मी मुगाची आमटी केली. मऊ भाकरी केली, दुधात पीठ मळून. ह्यांचं ब्लिचिंगमधलं ताट काढलं, विसळलं, त्यात भाकरी कुस्करली आणि ह्यांच्यासमोर पाट घेऊन बसले.

"चमचा," हे म्हणाले.

"देते. आधी एक ऐका. निलोफरनं माझा रिपोर्ट सांगितला."

मान माझ्याकडे वळली. ह्यांना मान वळवायलाही वेळ लागायचा.

"कधी?"

"निघताना. तुमच्यादेखत नको म्हणून बाजूला घेतलं."

"काय निघालं?"

"तेच. धागेवाले."

हात मांडीवर हलत होता तो जास्त हलायला लागला. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण त्या हाताकडे बघून मला कळलं की ह्यांना काय वाटतंय, आणि मी घाईघाईनं पुढचं बोलले.

"माझ्यात तुमच्यापेक्षा जास्त निघालेत. दुप्पट."

"दुप्पट?"

"दुप्पट. ती म्हणाली, एवढे तर पेशंटमध्येही बघायला मिळत नाहीत. आणि माझा हात बघा." मी दोन्ही हात ह्यांच्यासमोर धरले. पीठ लागलेले होते, पण स्थिर होते.

हे माझ्या हातांकडे बघत राहिले. मग नोकरीतला माणूस जागा झाला.

"दोन्ही नमुने एकाच वेळचे?"

"माझा आधीचा."

"तपासणी एकाच ठिकाणी?"

"एकाच. तिनंच केली."

ह्यांनी विचार केला. मी तेवढ्यात आमटी ढवळली, कारण ती आळत चालली होती.

"वरच्या अंगाला जास्त घाण असली," हे सावकाश म्हणाले, "तर ती खालून वर आलेली नसते."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यात आधीपासून होते. माझ्याकडून तुला नाही."

"बरं."

"मग खालचा व्हॉल्व्ह बंद करून उपयोग नाही."

"नाही ना."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्या कोऱ्या चेहऱ्यावर मला काहीतरी दिसलं. बहुतेक समाधानच असावं.

"म्हणजे तुझ्याकडून मला आलं."

"असेल," मी म्हटलं. "तोंड उघडा."

त्या दिवशी हे दीड भाकरी जेवले. ताटात थोडी आमटी आणि भाकरीचा एक तुकडा ठेवून म्हणाले, "बास." मी त्याच ताटात वाढून घेतलं. ह्यांनी ठेवलेला तुकडा आधी खाल्ला.

त्यानंतर माझी सुटका नव्हती. घरी जो येईल त्याला हे सांगायचे. आवाज बारीक झाला होता तरी एवढं वाक्य सगळ्यांना ऐकू जायचं. "हिच्या पोटातले जंतू. मला हिच्याकडून लागलं." दूधवाल्याला सांगितलं. बँकेतल्या साहेबाला सांगितलं. माझ्या वन्सं, प्रयागाबाई, तुळजापूरहून भावाला भेटायला आल्या, त्यांना तर दोनदा सांगितलं. वन्संनी हातातला माझा चहा अर्धा प्यायलेला खाली ठेवला, आणि त्यानंतर आमच्याकडे कधी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. येताना स्वतःची बाटली आणायच्या. नात्यातल्या एका लग्नात मला पंगतीत वाढू दिलं नाही. सांगून नाही, नुसतंच भांडं हातातून काढून घेतलं. मला लागलं ते. घरी येऊन ह्यांना काही बोलले नाही. नंदिनी म्हणाली, "आई, तू बाबांना गप्प का करत नाहीस?" मी म्हटलं, "बोलतात तेवढं बोलू दे." वजन उतरायचं थांबलं होतं. पुढे थोडं वाढलंही.

निलोफर एकदा स्वतः घरी आली, दुसऱ्या खेपेचे डबे न्यायला. दुपारची वेळ होती, मी ह्यांना भरवत होते. तिला बघून ह्यांना फार आनंद झाला. तो दिसत नसे, पण हे सरळ होऊन बसले.

"तुमचा रिपोर्ट अगदी बरोबर निघाला, मॅडम."

"कुठला रिपोर्ट, काका?"

"हिचा. दुप्पट निघाले ते. म्हणजे हिच्याकडूनच आलं ना मला?"

निलोफरनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात घास होता, तो मी तसाच ह्यांच्या तोंडाशी धरला. ती दारातच उभी होती, खांद्याला बर्फाची पेटी. ताटाकडे बघितलं, ह्यांच्या गळ्याकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. जिनं सही करून एक ओळ लिहून दिली नव्हती ती ही मुलगी.

"हो काका," ती म्हणाली. "जेवा तुम्ही."